अँजिओग्राफी हातातून, पण हातात नेमकी कुठून?

अँजिओग्राफीची तारीख ठरली की पेशंटचा आणि घरच्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, ‘हातातून करणार की पायातून?’ डॉक्टरांनी ‘हातातून’ म्हटलं की सगळ्यांना हायसं वाटतं आणि विषय तिथेच संपतो. पण हातातही आता दोन जागा आहेत. एक मनगटावरची, जिथे बोटं ठेवून आपण नाडी बघतो ती. दुसरी तिच्या काही सेंटिमीटर पुढे, हाताच्या मागच्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यातली. दोन्हीकडे धमनी एकच, रेडियल. सुई टोचायची जागा तेवढी बदलते.

एवढ्याशा अंतराने काय फरक पडणार, असं कुणालाही वाटेल. पण ज्याला पुढे डायलिसिस लागू शकतं, ज्याची बायपास होऊ शकते, किंवा ज्याला आयुष्यात पुन्हापुन्हा कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, यावं लागणार आहे, त्याच्या दृष्टीने हे अंतर लहान नाही. म्हणून या दोन्ही जागांवर प्रत्यक्ष काय केलं जातं, कुठे काय सोपं आणि काय अवघड, आणि आजवरच्या अभ्यासांतून काय दिसलं, हे क्रमाने पाहू.

जांघेतून मनगटाकडे

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या महाधमनीच्या अगदी मुळाशी फुटतात. त्यांच्या तोंडापर्यंत कॅथेटर नावाची बारीक, लवचीक नळी न्यायची, तिच्यातून एक्स-रेत उमटणारा द्रव, म्हणजे डाय, सोडायचा आणि तो पुढे वाहत असताना एक्स-रेने चित्रण करायचं, ही अँजिओग्राफी. अडथळा दिसला आणि तिथे फुगा फुगवून स्टेंट बसवला, तर ती अँजिओप्लास्टी. हाता-पायांच्या धमन्या शेवटी महाधमनीशीच जोडलेल्या असल्यामुळे आत शिरायच्या वाटा अनेक आहेत.

१९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स यांनी कोरोनरी अँजिओग्राफी सुरू केली, तेव्हा कोपराजवळ छेद घेऊन धमनी उघडी करावी लागे. त्याआधी १९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी छेद न घेता काम करायची पद्धत दाखवली होती. सुई टोचायची, सुईतून तार आत सरकवायची, सुई काढायची आणि तारेवरून नळी आत न्यायची. पुढे १९६७ मध्ये मेल्विन जडकिन्स यांनी याच पद्धतीने जांघेतून जाण्यासाठी खास वळणाच्या नळ्या तयार केल्या आणि कित्येक वर्षं ‘पायातून’ हाच राजमार्ग झाला. जांघेतली धमनी चांगली रुंद असते, सहज सापडते आणि तिथून मोठ्या नळ्याही जातात.

अडचण रक्तस्रावाची होती. ही धमनी खोल असते. सुई थोडी वर लागली तर रक्त पोटाच्या मागच्या पोकळीत साठत जातं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. हार्ट अटॅकच्या पेशंटला रक्त पातळ करणारी दोन-तीन औषधं एकदम द्यावी लागतात, त्यामुळे हा धोका आणखी वाढतो. शिवाय नळी काढल्यावर पाय न हलवता काही तास उताणं पडून राहावं लागतं. पाठदुखी असलेल्या किंवा लघवीचा त्रास असलेल्या माणसाला ती शिक्षाच वाटते.

१९८९ मध्ये मॉन्ट्रियलचे लुसियाँ काम्पो यांनी १०० पेशंटवर मनगटातून अँजिओग्राफी करून पाहिल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. १९९२ मध्ये ॲम्स्टरडॅमचे फर्डिनांड कीमेनेय यांनी मनगटातूनच अँजिओप्लास्टी केली. त्यानंतर हळूहळू जगभर हात पुढे आला, आणि तो केवळ सोयीमुळे नव्हे. २०११ च्या ‘रायव्हल’ अभ्यासात ७,०२१ पेशंट होते. टोचलेल्या जागेच्या धमनीची मोठी गुंतागुंत जांघेतून केलेल्यांपैकी ३.७ टक्क्यांना झाली, मनगटातून केलेल्यांपैकी १.४ टक्क्यांना. २०१५ च्या ‘मॅट्रिक्स’ अभ्यासात ८,४०४ पेशंट होते, सगळे हार्ट अटॅक किंवा त्याच्या उंबरठ्यावर असलेले. त्यात मृत्यूचं प्रमाण मनगटाच्या गटात १.६ टक्के आणि जांघेच्या गटात २.२ टक्के होतं. युरोप आणि अमेरिकेच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी आपल्या मार्गदर्शक सूचनांत मनगटाला पहिली पसंती दिली, ती अशा पुराव्यावर.

मनगटातून अँजिओग्राफी कशी होते

टेबलावर पेशंट उताणा असतो. हात शरीराजवळ ठेवून तळवा वर केलेला आणि मनगटाखाली छोटी गुंडाळी देऊन ते किंचित मागे वाकवलेलं असतं. मनगट आणि जांघ दोन्ही स्वच्छ केलेली असतात. हातातून जमलं नाही तर वेळ जाऊ नये म्हणून ही तयारी असते. नर्सने जांघेचे केस काढले म्हणजे पायातून करायचं ठरलं, असा अर्थ काढून घाबरू नका.

मनगटाच्या चामडीत भुलीचं छोटं इंजेक्शन देतात. नाडी बोटाखाली धरून किंवा सोनोग्राफीवर पाहून बारीक सुई धमनीत जाते. सुईतून केसासारखी तार आणि तारेवरून ‘शीथ’ नावाची छोटी नळी आत बसते. शीथ हे दार. पुढच्या सगळ्या नळ्या याच दारातून ये-जा करतात, म्हणून धमनीला एकदाच टोचावं लागतं. शीथमधून हाताची धमनी सैल ठेवणारं औषध देतात आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हेपरिन देतात. त्या वेळी कोपरापर्यंत काही सेकंद जळजळ होते. ती अपेक्षितच असते.

मग तार आणि तिच्यावरून कॅथेटर दंडातून खांद्याकडे आणि तिथून महाधमनीत उतरतं. धमनीच्या आतल्या बाजूला वेदना जाणवत नाही, त्यामुळे नळी सरकताना सहसा काही कळत नाही. डाय सोडला की अंगात ऊब पसरल्यासारखं वाटू शकतं. कॅमेरा छातीभोवती वेगवेगळ्या कोनांत फिरतो, ‘श्वास घ्या, धरून ठेवा’ अशा सूचना मिळतात आणि साधी अँजिओग्राफी असेल तर बऱ्याचदा अर्ध्या तासात काम संपतं.

शेवटी शीथ काढून मनगटावर पारदर्शक पट्टा बांधतात. त्यातल्या फुग्यात हवा भरून टोचलेल्या जागेवर दाब देतात आणि काही वेळाने हवा थोडी थोडी कमी करत पट्टा सोडतात. पेशंट लगेच उठून बसू शकतो, चहा घेऊ शकतो, चालत बाथरूमला जाऊ शकतो.

नाडी बंद पडली तर

मनगटाच्या वाटेची एक उणीव आहे आणि ती बहुतेक पेशंटना कधी सांगितलीच जात नाही. काही जणांची रेडियल धमनी नंतर गुठळी होऊन बंद पडते. अँजिओग्राफी झालेल्या हाताची नाडी काही दिवसांनी लागेनाशी होते ती यामुळे.

असं का होतं, ते मापांवरून कळतं. शीथचं माप ‘फ्रेंच’मध्ये मोजतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. अँजिओप्लास्टीला नेहमी लागणाऱ्या ६ फ्रेंच शीथचा आतला व्यास २ मिलिमीटर असतो आणि भिंतीची जाडी धरून बाहेरचा व्यास अडीच मिलिमीटरच्या घरात जातो. मनगटावरची रेडियल धमनी सरासरी तेवढीच, अडीच मिलिमीटरच्या आसपास असते. अनेक स्त्रियांमध्ये आणि लहान चणीच्या माणसांमध्ये ती त्याहूनही बारीक असते. म्हणजे शीथ आत असते तेव्हा धमनीत जागाच उरत नाही. आतलं अस्तर घासलं जातं, वरून पट्ट्याचा दाब बसतो, रक्त थांबतं आणि गुठळी धरते.

तरीही हाताला सहसा काही होत नाही, कारण हाताला रक्त आणणाऱ्या धमन्या दोन आहेत. अंगठ्याच्या बाजूने रेडियल, करंगळीच्या बाजूने अल्नर. दोन्ही तळहातात जाऊन कमानींनी एकमेकींना जोडलेल्या असतात. एखाद्या शेताला दोन पाट असावेत आणि एक तुंबला तरी दुसऱ्याचं पाणी सगळ्या वाफ्यांत फिरावं, तसंच हे आहे. म्हणूनच धमनी बंद पडल्याचं पेशंटला आणि कधीकधी डॉक्टरांनाही कळत नाही.

त्रास होत नाही म्हणून नुकसान नाही, असं मात्र नाही. बंद पडलेल्या नाडीतून पुढच्या वेळी अँजिओग्राफी करणं अवघड होतं. बायपासमध्ये सर्जन हातातली रेडियल धमनी काढून हृदयाला जोडतात, तिचा तसा उपयोग उरत नाही. डायलिसिससाठी मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करतात, तीही जागा हातची जाते. नाडी उघडी राखणं ही पेशंटच्या पुढच्या उपचारांची तरतूद आहे.

ती राखता येते, हेही सिद्ध झालेलं आहे. समीर पंचोली आणि अहमदाबादचे तेजस पटेल यांच्या गटाने २००८ मध्ये ‘प्रॉफेट’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ४३६ पेशंट होते. निम्म्यांना नेहमीसारखा घट्ट पट्टा बांधला. उरलेल्यांचा पट्टा हळूहळू एवढाच सैल केला की रक्त बाहेर येणार नाही, पण धमनीतून वाहत राहील. महिन्यानंतर घट्ट पट्ट्याच्या गटात ७ टक्के नाड्या बंद होत्या, दुसऱ्या गटात १.८ टक्के. पुढे ३,००० पेशंटवर ‘प्रॉफेट-२’ झाला. त्यात पट्टा असतानाच करंगळीच्या बाजूची अल्नर धमनीही दाबून धरली, म्हणजे रेडियलमधून जास्त रक्त वाहावं. महिन्यानंतर बंद नाड्यांचं प्रमाण ३ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आलं. हेपरिनच्या मात्रेचाही असाच अभ्यास झाला. ३,१०२ पेशंटच्या ‘स्पिरिट ऑफ आर्टेमिस’मध्ये वजनाच्या दर किलोला ५० युनिट हेपरिन दिलेल्यांच्या ८.१ टक्के नाड्या बंद झाल्या आणि १०० युनिट दिलेल्यांच्या ३ टक्के. मात्रा, शीथचं माप आणि पट्ट्याचा दाब या तिन्ही गोष्टी कॅथ लॅबच्या हातातल्या आहेत.

अंगठ्यामागचा खळगा

दुसरी जागा आत्ताच स्वतःच्या हातावर शोधून पाहा. डावा हात करंगळीच्या कडेवर टेबलावर उभा ठेवा आणि अंगठा ताठ करून वर, मागे ओढा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या थोडं पुढे, दोन कंडरा ताणून वर येतात आणि त्यांच्यामध्ये त्रिकोणी खळगा पडतो. डॉक्टर त्याला ‘स्नफबॉक्स’ म्हणतात, कारण पूर्वी तपकीर ओढणारे चिमूट इथे ठेवत. आता अंगठा सैल सोडा आणि दुसऱ्या हाताची तर्जनी खळग्यात हलकेच टेका. तळाशी हाड लागेल. थोडा वेळ बोट स्थिर ठेवलं तर बहुतेकांना त्या हाडावर बारीक ठोके जाणवतील. मनगटावरून वळसा घालून हाताच्या मागे आलेली ही तीच रेडियल धमनी.

इथे टोचण्यामागचा विचार धमनीच्या रचनेतून आला आहे. खळग्यात शिरण्याआधीच, मनगटापाशी, रेडियल धमनी तळहाताकडे एक फांदी सोडते. समजा खळग्यातल्या टोचलेल्या जागी गुठळी झाली, तरी मागून येणारं रक्त अडकून पडत नाही. ते या फांदीतून तळहातात जात राहतं. रक्त वाहतं राहिलं की मनगटातली आणि कोपराखालची धमनी उघडी राहते. मनगटावर टोचलं तर गुठळी या फांदीच्या अलीकडे होते आणि कोपराखालची धमनी मागेपर्यंत बंद पडू शकते.

मॉस्कोचे अवतांदिल बाबुनाश्विली यांनी ही वाट आधी वेगळ्याच कामासाठी वापरली होती. मनगटातली बंद पडलेली धमनी ते खळग्यातून आत शिरून उघडत. २०१७ मध्ये कीमेनेय यांनी डाव्या हाताच्या खळग्यातून केलेल्या ७० पेशंटचा अनुभव प्रसिद्ध केला आणि मग जगभरातल्या कॅथ लॅबचं इकडे लक्ष गेलं. मनगटाला वाट करून देणारे डॉक्टरच पंचवीस वर्षांनी त्या वाटेची उणीव भरून काढायला पुढे आले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

खळग्याचे आणखी काही फायदे आहेत. धमनीखाली लगेच हाड असल्यामुळे थोड्या दाबानेही रक्त थांबतं. मनगटावर पट्टा नसल्यामुळे ते मोकळं राहतं. हात उताणा करून मागे वाकवावा लागत नाही. मूठ सैल मिटून तो नैसर्गिक स्थितीत ठेवता येतो. सांधेदुखी किंवा खांदा आखडलेल्या पेशंटला याने खरंच आराम मिळतो. डाव्या हाताच्या बाबतीत तर सोय दोघांची होते. डॉक्टर पेशंटच्या उजव्या बाजूला उभे असतात. डाव्या मनगटातून करायचं तर त्यांना पेशंटवरून ओणवं व्हावं लागतं. खळग्यातून करताना डावा हात पोटावरून उजव्या जांघेकडे आणून ठेवला की काम समोर येतं, आणि उजवा हात वापरणाऱ्या माणसाचा कामाचा हातही मोकळा राहतो.

तोटेही स्पष्ट आहेत. खळग्यातली धमनी मनगटापेक्षा बारीक असते, थोडी वळलेली असते आणि बोटाखालून सरकते. त्यामुळे सुई लागायला वेळ जातो आणि कधीकधी प्रयत्न सोडून दुसरी जागा घ्यावी लागते. सुई खालच्या हाडावरच्या आवरणाला लागली तर चांगलंच दुखतं. अंगठ्याच्या मागच्या चामडीला संवेदना देणारी मज्जातंतूची फांदी इथूनच जाते. ती दुखावली तर त्या भागात काही काळ बधिरपणा राहू शकतो. टोचायची जागा पुढे गेल्यामुळे नळीचा प्रवासही तेवढा लांबतो आणि उंच पेशंटमध्ये नेहमीच्या लांबीचं कॅथेटर अपुरं पडू शकतं. सोनोग्राफीवर पाहून टोचलं तर यातल्या बऱ्याच अडचणी कमी होतात. पण त्यासाठी यंत्र हाताशी आणि हात सरावाचा असावा लागतो.

दोन्ही जागा समोरासमोर

‘खळग्यामुळे नाडी वाचते’ हा तर्क पटण्याजोगा आहे, पण वैद्यकात तर्कावर थांबून चालत नाही. दोन्ही जागांची थेट तुलना करणारा ‘डिस्को रेडियल’ हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोप आणि जपानमधल्या १,३०७ पेशंटपैकी कुणाला मनगटातून आणि कुणाला खळग्यातून, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं होतं. दोन्ही गटांत नाडी राखायचे सगळे चांगले नियम काटेकोरपणे पाळले. पेशंटना घरी सोडताना खळग्याच्या गटात ०.३१ टक्के धमन्या बंद होत्या आणि मनगटाच्या गटात ०.९१ टक्के. आकडा कमी दिसतो, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ठाम ठरला नाही.

इतर निष्कर्षही तितकेच महत्त्वाचे आहेत. ठरलेल्या जागेतून जमलं नाही म्हणून दुसरीकडे जावं लागलेले पेशंट खळग्याच्या गटात ७.४ टक्के होते, मनगटाच्या गटात ३.५ टक्के. धमनी आक्रसण्याचं प्रमाण खळग्याच्या गटात ५.४ टक्के, मनगटाच्या गटात २.७ टक्के. रक्त थांबवायला लागणारा वेळ मात्र खळग्याच्या गटात कमी होता, साधारण १५३ मिनिटं. मनगटाच्या गटात तो १८० मिनिटं होता.

या आकड्यांचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावायला हवा. खळगा ही सुरक्षित वाट आहे आणि नाडी राखायच्या बाबतीत ती मनगटाला हार जात नाही. त्याच वेळी मनगटातूनही काम नीट केलं, म्हणजे हेपरिन पुरेसं दिलं, शीथ बारीक वापरली आणि पट्टा आवश्यक तेवढाच आवळला, तर शंभरातल्या नव्याण्णव पेशंटची नाडी शाबूत राहते. जिथे हे नियम पाळले जात नाहीत, तिथे नुसती जागा बदलून सगळा दोष दूर होणार नाही.

कुणासाठी कोणती जागा

हार्ट अटॅक आलेला आहे आणि एकेक मिनिट मोलाचं आहे, अशा वेळी डॉक्टरांचा हात जिथे बसलेला आहे ती जागा सगळ्यांत चांगली. बहुतेक ठिकाणी ती मनगट असते. नाडी फार क्षीण असेल, रक्तदाब कोसळलेला असेल, मोठ्या यंत्रांची गरज असेल किंवा हाताच्या धमन्या फार वळणाच्या असतील, तर जांघेतून जाणंच योग्य. त्याला मागासलेली पद्धत समजू नका.

ठरवून केलेल्या तपासणीत विचाराला वेळ असतो. पूर्वी बायपास झाली असेल तर छातीच्या डाव्या बाजूची धमनी हृदयाला जोडलेली असण्याची शक्यता मोठी. तिच्यात डाय सोडायला डावा हात सोयीचा पडतो. अशा वेळी डाव्या खळग्याचा विचार जरूर व्हावा. नाडी बारीक असलेल्या पेशंटमध्ये आधी सोनोग्राफीने दोन्ही जागा मोजून घेणं चांगलं.

किडनीच्या पेशंटने विशेष सावध राहावं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल किंवा बऱ्याच वर्षांचा मधुमेह असेल, तर पुढे फिस्टुला कुठे करायची, हे किडनीच्या डॉक्टरांना आधीच विचारून घ्यायला हवं. फिस्टुलासाठी सहसा कमी वापराचा, म्हणजे बहुतेकांचा डावा हात राखून ठेवतात. खळग्यातून टोचलं तरी शीथ कोपराखालच्या धमनीतच जाऊन बसते आणि तिचं अस्तर घासलं जाऊ शकतं. ‘खळगा म्हणजे धमनीला धक्काच नाही’ असं समजणं चुकीचं. हेच बायपासला लागू पडतं. नळी जाऊन आलेली रेडियल धमनी सर्जन शक्यतो वापरत नाहीत, मग ती कुठूनही टोचलेली असो.

करंगळीच्या बाजूच्या अल्नर धमनीतूनही जाता येतं. राजस्थानात अजमेरला २,५३२ पेशंटवर झालेल्या ‘अजुलार’ अभ्यासात, अनुभवी हातांनी केलं तर ती रेडियलपेक्षा कमी ठरत नाही, असं दिसलं. पण ती खोल असते आणि मज्जातंतूच्या लगत असते, म्हणून तिचा नंबर मागे लागतो. एक नियम मात्र लक्षात असू द्या. एका हाताची रेडियल आधीच बंद असेल, तर त्याच हाताची अल्नर टोचण्याआधी डॉक्टरांनी फार विचार करायला हवा, कारण हाताची भिस्त तिच्यावर असते.

घरी गेल्यावर

टोचलेली जागा मनगटाची असो की खळग्याची, काळजी जवळपास सारखीच घ्यायची. साध्या अँजिओग्राफीनंतर दोन-तीन दिवस त्या हाताने भरलेली बादली, मोठा कुकर, सिलिंडर उचलू नका, कणीक तिंबू नका आणि स्कूटर चालवू नका. खळग्यातून केलं असेल तर अंगठ्यावर जोर येणारी कामंही टाळा, जसं घट्ट झाकण फिरवणं, कपडे पिळणं, विळी किंवा सुरीने कडक भाज्या चिरणं. बोटं मात्र हलवत राहा. हात आखडून ठेवायची गरज नाही. जागा एक दिवस कोरडी ठेवा. थोडं काळं-निळं होणं आणि दाबल्यावर दुखणं आठवडाभर राहू शकतं. स्टेंट टाकला असेल तर रक्त पातळ करायच्या गोळ्या हातावर डाग दिसले म्हणून स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका. त्या बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीवावर बेतू शकतं.

टोचलेल्या जागेतून रक्त आलं तर खाली बसा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी नेमक्या त्या जागेवर घट्ट दाबा, हात छातीच्या वर उचला आणि कुणाला तरी हाक मारा. दहा मिनिटं दाबूनही थांबलं नाही किंवा धार लागली, तर दाब न सोडता १०८ वर फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. कोपराखालचा भाग सुजून टणक होणं, बोटं गार, निळी किंवा बधिर पडणं, दुखणं तासातासाला वाढत जाणं, ताप येणं किंवा जागेतून पू येणं, यांपैकी काहीही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

आणि एक तपासणी तुम्ही स्वतःहून करून घ्या. पहिल्या फेरतपासणीला गेलात की डॉक्टरांना ‘माझी नाडी चालू आहे का, एकदा बघता का?’ असं म्हणा. नुसत्या बोटाने ठोके लागले तरी ते कधीकधी अल्नरकडून उलट आलेल्या रक्ताचे असतात. शंका असली तर सोनोग्राफीने लगेच कळतं. गुठळी लवकर लक्षात आली तर उपाय करता येण्याची शक्यता जास्त असते.

आधी काय विचारायचं

ठरवून अँजिओग्राफी करणार असाल तर संमतीच्या कागदावर सही करण्याआधी हे विचारा. कुठल्या हातातून आणि कुठल्या जागेतून करणार? ही जागा माझ्यासाठी का निवडली? खळग्यातून करणार असाल तर तो सराव तुमच्या टीमला नियमित आहे का? पट्टा बांधल्यावर धमनी वाहती आहे की नाही, हे तुमच्याकडे कसं तपासतात? आणि आपणहून या गोष्टी सांगा: किडनीचा त्रास, आधीच्या अँजिओग्राफीत वापरलेला हात, तुम्ही कुठल्या हाताने काम करता आणि पोटापाण्यासाठी त्या हाताने काय करता. शिवणकाम करणारी बाई, तबलजी, सुतार, दिवसभर कीबोर्डवर टाइप करणारा कारकून, या प्रत्येकासाठी उजवा-डावा हा निर्णय वेगळा असू शकतो.

आज तरी बहुतेक पेशंटसाठी मनगट ही पहिली जागा आहे. तिच्यामागे सगळ्यांत जास्त पुरावा आणि सगळ्यांत जास्त अनुभव आहे. अंगठ्यामागचा खळगा ही तिची खरी, भरवशाची सोबतीण आहे, पण सरावाच्या हातात आणि योग्य पेशंटमध्ये. कुठूनही करा, नाडी चालू ठेवून घरी येणं हा तुमचा हक्क आहे. तो मागून घ्या.